नुसतं पाणी दाखव

तात्या रोज सकाळी एकेक कुंडी उचलून हातात तोलायचे. शेडनेटखाली शंभराच्या वर कुंड्या, आणि हा माणूस डोळे मिटून प्रत्येकीचं वजन घेणार, स्वतःशीच मान हलवणार आणि ती होती तिथेच ठेवणार. आमचे सासरे कुंपणापलीकडून विचारायचे, काय तात्या, वांगी तोलताय व्हय? तात्या नुसते हसायचे. कुंडी हलकी लागली तर पाणी, जड लागली तर नाही, एवढंच त्यामागचं शास्त्र होतं. ते मला फार उशिरा कळलं.

अंथुर्णे गावात आमचं आणि त्यांचं कुंपण एकच. तात्या पाटकरी होते. पाटाचं पाणी कुणाच्या उसाला किती वेळ सोडायचं, हे सांभाळायची त्यांची नोकरी. पाळी चुकली की शिव्या, नाही चुकली तरी शिव्या. ते निवृत्त झाले आणि त्यांनी लावली काय, तर ज्यांना पाणी जवळजवळ लागतच नाही अशी झाडं! उसाच्या गावात कुंड्यांत निवडुंग लावणारा माणूस म्हणजे लोकांना करमणूकच. मीही कमी चेष्टा केली नाही.

"जलम पाणी पाणी करनाऱ्यांत गेला, सूनबाई," ते म्हणायचे. "आता जरा न मागनाऱ्यांत बसतो."

पण आत जाऊन पाहिलं की चेष्टा बंद व्हायची. जाड पानांची, टोकाला काचेसारखी चमकणारी इवली रोपं होती. अननसाच्या भाऊबंदांपैकी ब्रोमेलियाड होती. त्यांच्या पानांच्या मधोमध पेला असतो आणि पाणी त्यातच ओतायचं. तात्या त्यांना 'तांब्यावाल्या' म्हणत. कुठून कुठून कुरिअरने रोपं यायची, आणि खोकं उघडताना त्यांचा चेहरा लेकीला सासरहून आणल्यासारखा व्हायचा.

जीव मात्र अडकला होता एका पसरट कुंडीत. तिच्यात अकरा 'खडे' होते. ती झाडंच, पण दिसायला हुबेहूब ओढ्यातले गोटे, मधोमध चिरलेले. तात्यांनी ती मोहरीहून बारीक बियांपासून वाढवली होती. आपल्या उन्हात ती टिकत नाहीत म्हणे. यांनी सात वर्षं टिकवली. वीट कुटून, वाळू चाळून केलेली माती त्यांची स्वतःची. कुणी कौतुक केलं तर म्हणायचे, "माझं काय न्हाय. हाताला कळतं."

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर ते पाय घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. त्यांचा मुलगा दत्ता बारामतीच्या एमआयडीसीत कामाला. तो त्यांना पुण्याला घेऊन गेला. दवाखान्यातून तात्यांचा मला फोन आला. आवाज खोल गेलेला. बाकीच्या कुंड्या दत्ता रविवारी येऊन बघेल म्हणाले. मग म्हणाले, "खड्यांना तेवढं तू बघ. नुसतं पाणी दाखव."

मी म्हशींच्या घरात वाढलेली बाई. आमच्याकडे पाणी दाखवायचं म्हणजे जनावर बादलीतून तोंड वर काढेपर्यंत पाजायचं. 'नुसतं' म्हणजे खत घालू नको, असं मी समजले. त्यातून ते खडे रोज सुरकुतत चाललेले. माझा जीव तुटायचा. माणूस दवाखान्यात आणि झाडं तहानेली! मी रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी घातलं, अगदी मायेनं. तिसऱ्या आठवड्यात बोट लावलं तर खडा पिकल्या केळासारखा दबला. चार दिवसांत अकराच्या अकरा गेले. मी घाबरून पाणी बंद केलं.

तात्या वॉकर धरून घरी आले, ते थेट शेडनेटखाली. कुंडी उचलली. तोवर माती खडखडीत वाळली होती, तिच्यात काय कळणार? त्यांनी मला विचारलं, "किती येळा पाणी दिलंस?"

"एकदाच," मी म्हणाले. "तेपण शिंपडलं नुसतं."

कसं सुचलं मला ते! पाणी पोचलंच नाही म्हणणाऱ्यांची शंभर सोंगं ओळखलेला हा माणूस, पण माझ्यावर त्यांनी तिथल्या तिथे विश्वास ठेवला. खाली बसून माती चिमटीत घेतली, चुरगाळली, हुंगली. मग मलाच समजावून सांगायला लागले, की या दिवसांत जुनं पान आपलं पाणी नव्याला देतं आणि सुरकुततं, तेव्हा पाणी दाखवायचं म्हणजे एखादा शिंतोडा, त्यापुढे थेंबसुद्धा द्यायचा नसतो. तू बरोबर केलंस, म्हणाले. माझीच माती चुकली असंल.

त्यानंतर उन्हाळाभर तो म्हातारा खुर्चीत बसून माती चाळत होता. वाळू बदलून बघितली, वीट बदलली, नवं बी मागवलं आणि ते पेरलंच नाही. मी कुंपणाशी चहा घेऊन जायची. आज सांगू, उद्या सांगू. एकदा तोंडही उघडलं होतं, तर ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे सूनबाई. हात गेला माझा." आणि मी रिकामा कप घेऊन परत आले. पुढे त्यांनी एकेक तांब्यावाली ज्याला हवी त्याला देऊन टाकली. कुंड्या तोलणंही थांबलं. दिवाळीनंतर ते झोपेतच गेले.

दिवस झाल्यावर दत्ता शेडनेट उतरवत होता. सहज म्हणाला, काकी, पाय मोडल्याचं तात्यांना काय न्हाय वाटलं, पर शेवटपर्यंत एकच धरून बसले, की आपल्याला आता माती कळंना.

मला राहवलं नाही. म्हणाले, "त्यांना कळत होती रे. रोज तांब्याभर पाणी मी घातलं."

दत्ता दोरी सोडायची थांबला. चिडला नाही. एवढंच म्हणाला, "मग त्यांना का न्हाय सांगितलंसा? ते कुटं रागावणार हुते?"

तेच तर. ते रागावलेच नसते.