वीस शब्दांत मुलगी

सदाशिव पेठेत माझं वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिराती घेण्याचं काउंटर होतं. दर शब्दावर असायचा. मुलींचे वडील स्थळासाठी दोन दोन पानं लिहून आणायचे आणि मी त्यातले वीस शब्द ठेवायचे. ‘सुस्वभावी’ तर मी सरळ उडवायचे. भांडकुदळ मुलीची जाहिरात आजवर कोणी दिली होती का?

पुढे लग्नं जुळवणाऱ्या वेबसाइट आल्या. तिथे हवं तेवढं लिहा. “आता तुमचं काय?” लोक काळजीने कमी आणि उत्सुकतेने जास्त विचारायचे. मी म्हणायचे, “जागा फुकट मिळाली म्हणून अक्कल मिळत नाही.” मी कॉम्प्युटर घेतला आणि तेच काम चालू ठेवलं.

एकदा एक निवृत्त शिक्षक खराडीत नोकरी करणाऱ्या आपल्या मुलीला घेऊन आले. त्यांनी वेबसाइटवर तिच्याबद्दल इतकं लिहिलं होतं, की पणजोबांची इनामी जमीनही त्यात आली होती. आलेलं एकही स्थळ तिला पसंत नव्हतं. मी कापायला सुरुवात केली.

“काकू, मी लिहू का?” मुलगी म्हणाली.

इतक्या वर्षांत मीही कधी कुठल्या मुलीला ‘तू लिहितेस का?’ असं विचारलं नव्हतं. मी कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. तिने वडिलांचं सगळं पुसलं आणि लिहिलं, ‘नोकरी आवडते. सोडणार नाही. स्वयंपाक दोघांनी करायचा.’

वडील कासावीस झाले. “अहो, यातलं काहीतरी कापा ना!”

मी दोनदा वाचलं. एकही शब्द जास्त नव्हता.