तिळाच्या तेलाचं तेज

साल दोन हजार अठरा, माझं वय सदुसष्ट. काचीगुड्याच्या आमच्या गल्लीत माझ्यासारखं गुळगुळीत तोंड दुसऱ्या म्हाताऱ्याचं नव्हतं. हे मी नाही, लोक म्हणत. मी लग्नाकार्यातला आचारी. भट्टीपुढं उभा राहिलो की वाढपी पोरं विचारायची, "चाचा, मुँह को क्या लगाते जी?" मी सांगायचो, तिळाचं तेल. दर शनिवारी, कपाळापासून टाचेपर्यंत. कढईचा कान मी फडक्याशिवाय धरायचो, त्याचाही वेगळा मान होता.

भुवया विरळ झाल्या तेव्हा बायको म्हणाली, "अहो, भुवया कुठं ठेवून आलात?"

"भट्टीच्या धगीनं गेल्या."

"आणि मिशी बरी राहिली?"

मी तिसरी शिकलेला माणूस, पण घरात एकदा बोललो की बोललो. तो विषय तिथंच संपला.

त्या वर्षी दसरा झाला आणि पायांवर लाल चट्टे उठले. आग आग व्हायची. मग ते जांभळे पडले, मग जळक्या पुरीसारखे काळे, आणि कातडी सुटून यायला लागली. मी हळद भरून धोतराच्या चिंध्या बांधल्या. वासावरून बायकोला कळलं. धनतेरसच्या दिवशी तिनं मला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथली डॉक्टरीण माझ्या लेकीच्या वयाची. तिनं पायांच्या आधी माझं तोंडच निरखून बघितलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग डोळे मिटायला लावून तिनं हाताला काचेच्या दोन नळ्या टेकवल्या, एक गरम पाण्याची, एक गार. कुठली गरम, कुठली गार, मी ठणकावून सांगत गेलो. डोळे उघडले तर बायको खाली बघत होती.

"चाचा, सब गलत बोले तुम," डॉक्टरीण म्हणाली, आणि मग रोगाचं नाव घेतलं. महारोग.

मी दहाही बोटं तिच्यापुढं पसरली. "ये देखो. एक बी झडी क्या?"

ती रागावली नाही. म्हणाली, सगळ्यांना गाठी येत नाहीत. काहींच्या अंगभर हा रोग सारखा पसरतो, त्यानं तोंड तुकतुकीत होतं, भुवया जातात. औषधाविना वर्षं गेली तर क्वचित कुणाच्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात आणि कातडी मरते. "आज भरती हो जाव. जखम बिगडी तो पाँव जाता, जान बी जा सकती."

मी उठलो. म्हणालो, भट्टीवरचा माणूस मी, महारोग्याच्या खाटेवर झोपणार नाही. घरी आलो.

आल्या आल्या माझं ताट, तांब्या, वळकटी उचलून बाहेरच्या गॅलरीत नेली. कुणी लांब हो म्हणण्याआधी आपणच लांब झालेलं बरं.

बायको दारात उभी राहिली. "उद्या नरकचतुर्दशी. तेल कुणाला लावू?"

"नको लावू. हात लावू नको मला."

"इतकी वर्षं लावलं ते काय भिंतीला?"

मी वळकटी उलगडायला लागलो.

"गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागायची भीती लवकरच जाते, असं ती डॉक्टरीण मला सांगत होती. तुम्ही चपला शोधत होता तेव्हा. माझंही अंग तपासायचंय म्हणाली. मी उद्या जाणार. तुम्ही बसा इथं पाय सडवत. गल्लीत कुणी विचारलं तर खरं तेच सांगीन."

"धमकी देतेस?"

"तोंडाचं तेज जगाला सांगत होतात, तेव्हा लाज नाही वाटली?"

सकाळी तिनं पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, वाटीत तेल कोमट केलं आणि हाक न मारता बसून राहिली. माझी आंघोळ झाल्याशिवाय ती फराळ तोंडात घालत नाही, लग्न झाल्यापासून. आधीच तिला पित्त. बसली ती बसलीच.

मी आत गेलो आणि पाटावर पाठ करून बसलो. तिचा हात पाठभर फिरला. कुठं कळला, कुठं नाही. मग पाय कोरड्यात ठेवून बादलीकडं हात नेला, आणि थांबलो.

"बघ गं," म्हणालो, "पाणी कढत आहे का?"

तिनं बोटं बुडवली, झटकन काढली आणि दोन तांबे गार पाणी ओतलं. आंघोळ करून नवं धोतर नेसलो, चकल्यांचा डबा काखेत धरला आणि तिच्या आधी रिक्षात जाऊन बसलो.