तांब्याभर पाणी आणा

काकूंचा, म्हणजे आमच्या डॉक्टरांच्या पत्नीचा, फोन आला तेव्हा मी दवाखान्याचं औषधांचं कपाट लावत होते. मुदत संपत आलेल्या गोळ्या पुढे, नव्या मागे, हे काम मी दर सोमवारी करते. ‘‘सर गेले गं,’’ काकू म्हणाल्या. सकाळचा चहा घेतला, पेपर मागितला, आणि पेपर येईपर्यंत खुर्चीतच मान कलली. त्रास झाला नाही, धावाधाव झाली नाही... मी हातातली बाटली जागेवर ठेवली, कपाटाला कुलूप लावलं आणि मग रडले. आता महिना उलटून गेला आहे. दुःख आहेच, पण खरं सांगायचं तर त्यापेक्षा सुटल्यासारखं जास्त वाटतं. सर ज्या एका गोष्टीसाठी अडून होते, ती त्यांना मिळाल्यावर गेले. तेवढ्यासाठीच हे लिहिते आहे.

नागभीडकडच्या आमच्या छोट्या गावात वासुदेव गुरनुले हे एकच डॉक्टर. मी त्यांच्याकडे परिचारिका म्हणून लागले तेव्हा माझं नवीन लग्न झालं होतं. मला प्रत्येक गोष्टीची यादी करायची सवय, म्हणून सरांनी पहिल्याच आठवड्यात माझं नाव ‘यादीबाई’ ठेवलं. सकाळी दारातूनच विचारायचे, ‘‘यादीबाई, आज कोणतं फर्मान हाय?’’ मी सांगायचे, स्टरिलायझरची वायर, ड्रेसिंगचा कापूस, आणि मागच्या यादीत असूनही न झालेली तुमची रक्ततपासणी. शेवटच्या कलमाला ते ऐकू न आल्याचं नाटक करायचे.

आमच्याकडे पेशंट एकटा येत नाही. पोराला ताप आला की आई, आत्या, काका, शेजारची बाई, सगळे खोलीत. डॉक्टरांनी विचारायचं पोराला आणि उत्तर द्यायचं काकाने. ‘‘पोटात दुखते का रे?’’ ‘‘हो, कालपासून दुखून राह्यलं त्याचं.’’ पोरगं बिचारं छताकडे पाहत बसलेलं. यावर सरांनी एक युक्ती काढली होती. टेबलावर पितळेचा एक तांब्या असायचा. लहान मूल तपासायला घेतलं की जो सगळ्यात जास्त बोलत असेल त्याला ते तांब्या द्यायचे. ‘‘बाहेरच्या पंपाचं तांब्याभर पाणी आणा बरं, मले फिल्टरचं चालत नाई.’’ आणि उरलेल्यांना म्हणायचे, ‘‘तुम्ही पण जा, तो पंप एकट्याले ऐकत नाई.’’ हातपंप खरोखरच जुना होता. बरंच हापसल्यावर कुरकुरत पाणी द्यायचा. तेवढ्यात पडदा ओढून मी माझं स्टूल टेबलाजवळ घ्यायचे, कारण मुलाजवळ एकटं बसायचं नाही हा सरांचा नियम होता. मग ते मुलाला अगदी साधं विचारायचे, ‘‘आता सांग, काय झालं?’’ बहुतेकदा उत्तर बोरं, चिंचा, शाळा बुडवणं यातलंच असायचं. गावात मात्र डॉक्टरांच्या पाण्याच्या नखऱ्याची थट्टा व्हायची. सर ती खुशाल होऊ द्यायचे.

एका वर्षी भाताच्या रोवणीच्या दिवसांत एक मुलगी आली. तिचं नाव, गाव मी लिहिणार नाही. कायद्यानेही लिहायचं नसतं आणि सरांनाही चाललं नसतं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि तिला विचारूनच लिहिते आहे. प्राथमिक शाळेतली पोर. बाप नव्हता, आई धानाच्या बांधीत रोवणीला गेलेली. घरातलाच एक मोठा माणूस तिला घेऊन आला होता. ‘‘तलावावर डोंग्यातून पडली,’’ तो म्हणाला. सरांनी जखमा पाहिल्या, त्याच्याकडे पाहिलं आणि नेहमीसारखाच तांब्या पुढे केला. बाहेर पंप कुरकुरायला लागला. पोरगी आधी पडद्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिली. मग एकच वाक्य बोलली... ते वाक्यही मी लिहिणार नाही.

तो पाणी घेऊन आला तेव्हा सर नेहमीच्या आवाजात म्हणाले, ‘‘ताप हाय, सलाईन लावतो. पोरगीले इथंच राहू द्या आणि तिच्या मायले पाठवा.’’ वरून त्याच तांब्यातलं पाणीही प्यायले. तो गेल्यावर त्यांनी फोन जवळ ओढला. मी विचारलं, सर, आधी खात्री करायची का? ते म्हणाले, ‘‘खात्री करणं आपलं काम नाई. शंका आली की कळवणं, एवढंच आपल्या वाट्याचं. आणि ते आजच.’’ लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची शंका आली तर पोलिसांना कळवणं डॉक्टर, नर्स, शिक्षक, सगळ्यांनाच कायद्याने बंधनकारक आहे. घरच्यांची परवानगी लागत नाही, पुरावा हातात असावा लागत नाही. न कळवणं हाच गुन्हा. हे मला त्या दिवशी नीट समजलं. सरांनी माझ्यासमोर पोलीस ठाण्यात फोन लावला. पलीकडून काहीतरी विचारलं असावं, कारण सर म्हणाले, ‘‘मला खात्री नाही साहेब. शंका आहे. पण शंका आहे, हे मी खात्रीने सांगतो.’’

आई आली ती बांधीतूनच, पोटऱ्यांपर्यंत चिखल. ऐकून ती खाली बसली. मग पहिला प्रश्न विचारला तो हा : ‘‘डाक्टरसाहेब, माह्या पोरीले माह्यापासून नेतीन का हो?’’ खोटा धीर देणं सरांना कधी जमलं नाही. ‘‘ते मले नाई सांगता येत, बाई. ते बालकल्याण समिती ठरवते. पण ती तुह्याजवळ राहावी म्हणून जे सांगाचं ते मी सांगीन.’’ संध्याकाळी साध्या कपड्यातल्या एक पोलीसबाई आल्या, मुलीशी जमिनीवर बसून बोलल्या. पुढची तपासणी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी केली.

दुसऱ्या दिवशी गावातली मंडळी आली. पुढे मारोतराव, सरांचा शाळेपासूनचा दोस्त.

‘‘वासू, तू आपला माणूस. काऊन पोलिसात गेला? मीटिंग लावली असती, त्याले दंड केला असता. पोरीचं नाव खराब होते ना बे.’’

‘‘नाव मी कोणालेच सांगितलं नाई, मारोत. हे येवढे लोकं घेऊन तूच दवाखान्यात आला.’’

‘‘गावातली गोष्ट गावात मिटवाची असते.’’

‘‘मिटवाचा हक्क ना तुले हाय ना मले. मी गप बसलो असतो तर गुन्हेगार मी.’’

‘‘मंग आमी डाक्टर बदलू.’’

‘‘बदला ना. पण लेकरं आजारी पडली तर घरी नोका ठेवू. नागभीडले न्या.’’

त्यांनी खरंच बदलला. धान कापणीपर्यंत आमची बाकं रिकामी होती. सर म्हणायचे, ‘‘यादीबाई, पेशंट नाई तर औषधांचीच विचारपूस करा.’’ पहिल्यांदा परत आली ती मारोतरावांची सून, तान्ह्या बाळाला घेऊन. सासऱ्याला न सांगता आली होती. मग हळूहळू सगळेच आले. शेवटी मारोतरावही आले, खोकला घेऊन. सरांनी त्यांची छाती तपासली, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, ‘‘माणसं नाई आणली आज?’’ मारोतराव हसले आणि परत खोकले. विषय तिथेच संपला.

सरांसाठी मात्र संपला नव्हता. कोर्टात त्यांनी साक्ष दिली, त्या माणसाला शिक्षा झाली. समितीने मुलीला आईजवळच राहू दिलं, आणि मायलेकी आलापल्लीकडे, आईच्या माहेरी निघून गेल्या. त्यापुढचं काहीच माहीत नव्हतं. सर मनात आणते तर निरोप पाठवू शकले असते, त्या बाजूला त्यांची ओळख होती. पण कोणाला विचारलं की विचारण्यामागचं कारण आलं, आणि कारण आलं की गोष्ट पसरली. म्हणून वर्षानुवर्षं त्यांनी विचारलं नाही. कळवलं हे चुकलं, असं त्यांना कधीच वाटलं नाही. पण कधीतरी दवाखाना बंद करताना म्हणायचे, ‘‘आपण दार तर उघडलं, सिस्टर. पोरगी बाहेर कुठी पोचली, ते नाई दिसलं.’’ एरवी यादीबाई म्हणणारे सर अशा वेळी मला सिस्टर म्हणायचे.

गेल्या हिवाळ्यात दुपारी एक बाई पिशवीभर सुके झिंगे घेऊन दारात उभी राहिली. मागे एक तरुण मुलगी, खांद्याला कॉलेजची बॅग. मी त्या आईला चेहऱ्यावरून नाही, आवाजावरून ओळखलं. सर आत होते, तब्येत उतरलेली, नजरही अधू झालेली. त्यांना वाटलं कोणीतरी मुलीला दाखवायला आलं आहे. आई बोलायला लागली तसा त्यांचा हात सवयीने तांब्याकडे गेला. ‘‘बाई, तांब्याभर पाणी आणा बरं...’’

मुलगी म्हणाली, ‘‘राहू द्या ना सर, मायले इथंच बसू द्या. आता मी तिच्यासमोर बोलतो सगळं.’’

सरांचा हात तांब्यावर तसाच राहिला. मग त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. ‘‘जेवली का?’’ एवढंच विचारलं. ती हसली. मग मात्र ती तासभर बोलली. कॉलेज, होस्टेल, तिथलं पातळ वरण, आजोबांसोबत तलावात टाकलेलं जाळं, आणि मायला मोबाइल शिकवताना होणारी भांडणं. आई म्हणाली, ‘‘मलेच वरडते हो, शिकवते कमी!’’ त्या दिवशी सरांनी एकही पेशंट घाईत तपासला नाही. दवाखाना बंद करताना मला म्हणाले, ‘‘यादीबाई, तुमच्या यादीतलं ते रक्त आता तपासून टाकू.’’ इतक्या वर्षांनी!

सर गेल्यावर काकूंनी दवाखाना एका तरुण डॉक्टरबाईंना दिला. मी सामानाची यादी केली. टेबल, बीपीचं मशीन, वजनकाटा, सगळं लिहिलं. तांब्या लिहिला नाही. तो काकूंना परत द्यायचा, असं ठरवून बाजूला काढला होता. पण द्यायच्या आधी नव्या मॅडमना त्याचं काम सांगितलं. त्यांनी तो हातात घेऊन पाहिला आणि परत टेबलावर ठेवला. काकूंना फोन केला तर त्या म्हणाल्या, ‘‘मग तिथंच असू दे की.’’

परवा एक लहान मुलगा आला, सोबत काका, आत्या आणि आणखी दोघं. काका उत्तरं देत होता. मॅडम म्हणाल्या, ‘‘भाऊ, बाहेरच्या पंपाचं तांब्याभर पाणी आणता का? आणि सगळेच जा, तो पंप एकट्याला ऐकत नाही.’’

मी पडदा ओढला आणि माझं स्टूल टेबलाजवळ सरकवलं. बाहेर पंप कुरकुरायला लागला.