गुरुवारची गैरहजेरी

श्री. मारुतीराव सदलगे यांचा आणि माझा परिचय भांडणातून झाला. त्यांच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथात असे लिहू नये, असे संपादकांनी सुचवले. पण जे घडले ते घडले.

बंगळूरच्या आमच्या रुग्णालयात मी शस्त्रक्रियागृहाची प्रमुख परिचारिका होते. यंत्रांची देखभाल करण्यासाठी निपाणीकडचे हे सडपातळ गृहस्थ नुकतेच रुजू झाले होते. एका गुरुवारी सकाळी ते आले आणि आमचे सक्शन मशीन ढकलत बाहेर निघाले. रुग्णाच्या घशातला, जखमेतला द्रव ओढून घेणारे हे यंत्र. त्याच्यावाचून शस्त्रक्रियेला हात घालता येत नाही.

"चालतं मशीन कुठे नेता?" मी दारातच अडवले.

"चालतंय म्हणूनच नेतोय की, सिस्टर. बंद पडल्यावर बोलवायला मी काय डॉक्टर हाय?"

डॉक्टरमंडळी हसली. मी हसले नाही.

सदलगे यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. अण्णांची पद्धत अशी, की प्रत्येक यंत्राला महिन्यातला एक गुरुवार तपासणीसाठी नेमून दिलेला. प्रत्येकाच्या जागेवर खिळ्याला दोऱ्याने बांधलेले एक कार्ड, शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखे. त्यावर शेरे: 'प्रकृती ठीक.' 'आवाज वाढला, लक्ष ठेवणे.' नेमल्या दिवशी यंत्र सापडले नाही, तर 'गैरहजर'.

आमचे मशीन गैरहजर राहू लागले, कारण मीच ते लपवत होते. गुरुवारी शस्त्रक्रियांची यादी लांबलचक असे. अण्णा येऊन जाईपर्यंत मशीनवर हिरवी चादर टाकून ते धुतलेल्या कपड्यांच्या खोलीत ढकलायचे, असा माझा हुकूम होता. अण्णा विचारत, "मशीन कुठाय?" आम्ही म्हणत असू, "वॉर्डात गेलंय." ते कानडीत "सरी", म्हणजे "बरं", म्हणून निघून जात. असे तीन महिने चालले.

चौथ्या महिन्यात देवनहळ्ळीची एक बाई पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी आली. दोन लहान मुलांची आई. भूल देतानाच तिला उलटी झाली. भूलतज्ज्ञांनी सक्शनची नळी मागितली. मशीन घरघरले, पण ओढेना. उलटी श्वासनलिकेत उतरली असती तर बाई हाती लागली नसती.

कोपऱ्यात पायाने चालवायचा एक जुना पंप होता. तो तिथे अण्णांनी ठेवला होता. "ही अडगळ काढा," असे मी त्यांना दोनदा बजावले होते आणि दोन्ही वेळा त्यांनी ऐकले नव्हते. मी तो पुढे ओढला आणि दाबू लागले. अण्णा दुसरे मशीन घेऊन धावत येईपर्यंत माझा पाय थांबला नाही. आठव्या दिवशी बाई चालत घरी गेली.

मशीनमध्ये बोटाएवढी गाळणी असते. ती तुंबली होती. एका गुरुवारचे काम.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी अधीक्षकांनी अण्णांना बोलावले होते. देखभाल त्यांची, म्हणून दोष त्यांचा. नोकरीवरच बेतले होते. अण्णा एवढेच म्हणाले, "मशीन माझ्या यादीतलं आहे, साहेब." मी मशीनच्या जागेकडे गेले. कार्डावर ओळीने तीन वेळा 'गैरहजर' लिहिलेले होते आणि ते कार्ड त्यांनी कोणालाही दाखवले नव्हते. मी ते सोडवून अधीक्षकांच्या टेबलावर ठेवले आणि मशीन मी लपवत होते, असे सांगितले. मला लेखी ताकीद मिळाली. ती योग्यच होती.

बाहेर आल्यावर मी अण्णांना विचारले, "कार्ड का नाही दाखवलंत?"

"सिस्टर, ते कार्ड मशीनचं आहे. माणसांच्या चुका लिहायला नाही केलेलं. आणि स्वल्प माझीबी चूक हाय. तीनदा गैरहजर लिहिलं, पण हुडकायला गेलो नाही."

त्या महिन्यापासून गुरुवारची यादी तासभर उशिरा सुरू होऊ लागली. शल्यचिकित्सकांनी कुरकुर केली. त्यांना गप्प करण्याचे काम मी घेतले. ते मला जमते.

आपल्या इथल्या मराठी मंडळात अण्णांना माइक दुरुस्त करणारे म्हणून सगळे ओळखतात. ते महिन्यातल्या एका रविवारी बसने आनेकलच्या छोट्या दवाखान्यात जातात, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल. तिथले उपकरणे निर्जंतुक करण्याचे यंत्र वर्षभर बंद होते; त्याच्यावर कुंड्या मांडल्या होत्या. तोवर बाळंतपणाच्या अवघड केसेस खडबडीत रस्त्याने आमच्याकडे यायच्या. अण्णांनी कुंड्या उतरवल्या आणि झाकणाचे रबर बदलले. "मेलं नव्हतं हो," ते मला म्हणाले, "नुसतं कोणी विचारलं नव्हतं."

आता अण्णांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या पत्नी शांताक्का यांच्याकडून कळले, की साडेतीनशे यंत्रांची नाडी पाहणाऱ्या या गृहस्थांनी स्वतःचा रक्तदाब कधी तपासलेला नाही. म्हणे, "चालतंय की सगळं."

म्हणून मी एक कार्ड तयार केले आहे. नाव: मारुतीराव सदलगे. दिवस: महिन्याचा पहिला गुरुवार. गेल्या तीन महिन्यांचे शेरे भरले आहेत, तिन्ही 'गैरहजर'. अण्णांनी शंभर वर्षे जगावे आणि धडधाकट जगावे, अशी आम्हा सर्वांची इच्छा आहे. पण नुसत्या इच्छेवर यंत्र चालत नाही, हे त्यांनीच शिकवले. येत्या गुरुवारी सकाळी आठ वाजता मी स्वतः त्यांच्या दारात उभी असेन. या वेळी हुडकायला जायचे, असे ठरवले आहे.