जेवणाच्या टेबलावरची उचकी

स्टुडिओच्या कपडेखात्यात सगळे तिला ‘सिस्टर’ म्हणत. नव्या माणसाला वाटे, बाई पूर्वी नर्स असणार. पण ती नर्स नव्हती. सात वर्षं मठात नन होती. विसाव्या वर्षी गेली आणि सत्ताविसाव्या वर्षी बाहेर आली, तीही कुणाच्या प्रेमात पडून नव्हे. थोरली बहीण तापाने गेली, मागे तीन वर्षांची मुलगी राहिली आणि मुलीच्या बापाचा तर आधीपासूनच पत्ता नव्हता. मठात मूल ठेवता येईना आणि अनाथालयात ठेवायला हिचा जीव होईना.

मठाच्या प्रमुख बाईंना सगळ्या मदर म्हणत. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि “जा” एवढंच म्हणाल्या. निरोप द्यायला दारापर्यंतही आल्या नाहीत. पहिल्या वर्षी तिने त्यांना चार पत्रं पाठवली. एकाचंही उत्तर आलं नाही. पाचवं लिहायला घेतलं आणि अर्ध्यावर फाडून टाकलं. मदरच्या मनातून आपण उतरलो, अशी तिने खूणगाठच बांधली.

शिवणकाम मात्र मठाने पक्कं शिकवलं होतं. त्या जोरावर तिला स्टुडिओत काम मिळालं. राजांचे अंगरखे, शिपायांच्या विजारी, नायिकांची फुग्यांची पोलकी असं काय काय तिने वीस वर्षं शिवलं. भाची मोठी झाली, शिकली, नोकरीला लागली. मठ त्याच शहरात होता, ट्रामने पाऊण तासावर. पण त्या बाजूला तिचं पाऊल कधी वळलं नाही.

मग एक दिवस स्टुडिओत ननांवरचा विनोदी सिनेमा आला. मोडकी बस घेऊन प्रवासाला निघालेल्या आठ ननांची गोष्ट. बाहेरून शिवून आलेले झगे तिने टेबलावर पसरले आणि तिला राहवलं नाही.

“हे काय? असं चकचकीत कापड? हे घालून भांडी कोण घासणार?”

मागे दिग्दर्शक उभा होता. तिने जीभ चावली. तो म्हणाला, “नन भांडी घासतात?”

“मग कोण घासतं? देवदूत?”

दुसऱ्या दिवसापासून झगे तर तिच्याकडे आलेच, आठ नट्याही आल्या. कसं चालायचं, हात बाहीत कसे घालायचे, हे ती त्यांना शिकवू लागली. “आणि घाई असेल तर?” एकीने विचारलं. “तर झगा दोन्ही हातांनी वर धरायचा आणि धूम ठोकायची. फक्त आधी मदर बघत नाहीत ना, ते बघून घ्यायचं.” नट्या खिदळल्या. बोलून गेल्यावर तिलाच कसंसं झालं.

एका प्रसंगापाशी मात्र गाडी अडली. सगळ्या नन चोरून दारू पितात आणि जेवणाच्या टेबलावर धिंगाणा घालतात, असं लिहिलेलं होतं. ती दिग्दर्शकाला म्हणाली, “साहेब, लोक हसतील. पण ते आम्हाला हसतील.”

तो चिडला नाही. खुर्ची ओढून बसला. “मग तुम्ही कशाला हसायचात?”

तिने आधी सुईत दोरा ओवला. मग सांगितलं. मठात जेवताना बोलायचं नसे. एकीने धर्मग्रंथ वाचायचा आणि बाकीच्यांनी मुकाट जेवायचं. एके दिवशी मदर स्वतः वाचत होत्या आणि एका नव्या सिस्टरला उचकी लागली. मोठी, बेडकासारखी. ती दाबायला गेली तशी आणखी मोठी आली. कुणी आवाज केला नाही, पण सगळं टेबल हलायला लागलं. सूप हिंदकळलं. एकीने रुमाल तोंडात कोंबला. मदर मात्र पुस्तक उलटं धरून वाचतच होत्या.

ती नवी सिस्टर कोण, हे तिने सांगितलं नाही. दिग्दर्शकाने प्रसंगातून दारू काढून टाकली आणि उचकी घातली.

सिनेमा तयार झाला. घरातली गोष्ट आपण चव्हाट्यावर आणली, असं तिला वाटू लागलं. त्यात स्टुडिओने मठातल्या सगळ्या सिस्टरना दुपारच्या खेळाला बोलावलं.

“मी नाही येत,” ती भाचीला म्हणाली.

“मावशी, तुझ्या हातचे झगे आहेत. तू येणार आणि मीही येणार.”

दोघी शेवटच्या रांगेत बसल्या. पुढे पांढऱ्या डोक्यांची रांग, कडेला चाकाच्या खुर्चीत मदर. किती लहान झाल्या होत्या! उचकीचा प्रसंग आला आणि थिएटरात हशा पिकला. तिने पडद्याकडे पाहिलंच नाही. मदरचे खांदे हलत होते. त्या रडतायत, असंच तिला वाटलं.

दिवे लागल्यावर एक सिस्टर मागे आली. “मदर बोलावतायत.”

ती खुर्चीसमोर मान खाली घालून उभी राहिली. मदर म्हणाल्या, “पुस्तक उलटं होतं, हे तुला कुणी सांगितलं?”

“मी पाहिलं होतं, मदर.”

“काही पाहिलं नाहीस. सुलटं होतं. माझ्या डोळ्यांत हसून इतकं पाणी आलं की अक्षर दिसेना. पाठ होतं तेच म्हणत सुटले आणि तुम्हा एकीच्याही लक्षात आलं नाही.”

तिला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडूही. “तुम्ही माझ्या पत्रांना उत्तर का दिलं नाहीत?”

मदरनी तिचा हात हातात घेतला. “चारही पत्रांत तू ‘परत येऊ का’ असं विचारलं होतंस. मी लिहायला बसले असते तर ‘ये’ असंच लिहून गेले असते. आणि त्या पोरीला घर हवं होतं.”

“मला वाटलं, तुम्ही रागावलात.”

“रागावले होतेच की. देवावर. चांगले सहा महिने.” मग मदरची नजर मागे गेली. “हीच का ती?”

“हो, मीच ती,” भाची पुढे येत म्हणाली. मदरनी तिला नीट न्याहाळलं, हनुवटीला हात लावला आणि म्हणाल्या, “छान वाढवलीस गं.”

वीस वर्षांत हे वाक्य तिला कुणी म्हटलं नव्हतं.

त्यानंतर दर गुरुवारी, स्टुडिओतून सुटल्यावर, ती मठात जाऊ लागली. मदर आणखी तीन वर्षं होत्या. त्याच काळात भाचीचं लग्न ठरलं, तेव्हा तिचे लग्नाचे कपडे मठाच्या शिवणखोलीतच शिवले गेले. चार म्हाताऱ्या सिस्टर चष्मे सावरत बटणं लावायला बसल्या. मदर खिडकीपाशी बसून, टाका वाकडा जातोय म्हणून सगळ्यांवर ओरडत होत्या.