इंग्लंड चौदा, कुवेत अकरा

लॅबचं दार ढकलायच्या आधीच साहेबांनी डाव्या हाताची बाही कोपराच्या वर सारलेली असायची. आत येऊन ते बाकावर बसलेल्यांवरून एकदा नजर फिरवत आणि म्हणत, "इंग्लंड चौदा, कुवेत अकरा, आणि आपण एकशे नव्वद. आहोत की नाही उभे?"

असा एखादा तुम्हीही पाहिला असेल. ज्याला आजारातसुद्धा पहिला नंबर हवा असतो.

ही एकोणीसशे नव्वदनंतरची गोष्ट. सुरतेत गोडादऱ्याच्या एका लहानशा पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी रक्त घ्यायचं काम करत होतो. येणारे बहुतेक कापडाच्या लूमवर काम करणारे खानदेशी लोक. साहेब मात्र सांगलीकडचे, बँकेतून रिटायर झालेले. डायबेटिस जुना. लॅब घराजवळ म्हणून यायचे, पण बाकावर बसताना आधी रुमाल अंथरायचे.

त्यांच्या खिशात एक छोटी डायरी होती. इंग्लंडात त्यांचा मेहुणा, अमेरिकेत साडू आणि कुवेतला मुलाकडे राहणारे एक जुने सहकारी. तिघेही साठी ओलांडलेले, तिघांनाही डायबेटिस. साहेब त्यांना पत्रं पाठवून साखरेचे आकडे मागवायचे आणि देशवार मांडायचे. मेहुण्याला चौदावर इन्सुलिन सुरू झालं, कुवेतवाले अकरावर घाबरून भात सोडून बसले, साडू दोनशे दहावर गोळ्या खात होता. यावरून साहेबांनी काढलेला सिद्धान्त असा, की इंग्लंडचा म्हातारा मेणाचा, कुवेतचा एसीत बसून नासलेला, अमेरिकेचा जरा बरा आणि आपला सर्वांत चिवट.

"चौदाला सुई घेतो आमचा मेहुणा," ते म्हणायचे. "मी एकशे नव्वदला पलसाण्यापर्यंत स्कूटर हाणतो."

एकदा एका लूमवाल्याच्या आईनं मला विचारलं, "भाऊ, हाऊ बाबा काय सांगस?" मी काही बोलायच्या आत साहेब म्हणाले, "तुम्हाला नाही कळायचं ते, बाई." म्हातारी बाकाच्या टोकाला सरकली. माझी आईही तिच्यासारखीच अहिराणी बोलायची, त्यामुळे ते वाक्य मला चांगलंच झोंबलं.

खरी गंमत अशी की साहेबांनाच ते कळलेलं नव्हतं. इंग्लंड आणि कुवेतमध्ये साखर वेगळ्या मापानं मोजतात. आपल्या मापात आणायची तर तिला अठरानं गुणायचं. मेहुण्याचे चौदा म्हणजे आपले दोनशे बावन्न. मला हे पहिल्याच दिवशी दिसलं होतं आणि मी सांगायलाही गेलो होतो. "साहेब, ते माप..." एवढं म्हणतो न म्हणतो तोच त्यांनी हात वर केला.

"तुम्ही सुई टोचा. आकड्यांचं आम्ही बघतो. जन्म गेलाय त्यात."

मी सुई टोचली. त्यानंतर दोन वर्षं मी फक्त सुईच टोचली. साहेब गेले की मी त्यांची नक्कल करायचो आणि बाक खो खो हसायचा. मला त्यांचा इतका तिटकारा होता की त्यांचं ते अडाणीपण मी जपून ठेवलं होतं.

दरम्यान साहेबांनी गोळ्या अर्ध्या केल्या. मग सोडल्याच. गोळ्या मेणाच्या माणसांसाठी असतात म्हणाले. तपासणीच्या आधी तीन दिवस कारल्याचा रस आणि ताक, रक्त देऊन झालं की कोपऱ्यावर बशीभर सुरती लोचो आणि जिलेबी. एवढं करून आकडा एकशे नव्वदच्या आसपास यायचा आणि ते विजयी चेहऱ्यानं तो डायरीत लिहायचे.

एका दिवाळीला मेहुण्यानं इंग्लंडहून कातडी बूट पाठवले. एक नंबर लहान होते, तरी साहेब ते घालून आले. उजव्या मोज्याला अंगठ्यापाशी तांबूस डाग होता.

"साहेब, बूट चावतोय तुम्हाला."

"छे. टोचतसुद्धा नाही. कातडी अशी पाहिजे."

जुन्या डायबेटिसमध्ये पाय बधिर होतो, हे आमच्या लॅबच्या भिंतीवरच्या कागदावरसुद्धा लिहिलेलं होतं. मी म्हटलं, "डॉक्टरांना दाखवा." ते म्हणाले, "तुम्ही सुई टोचा." मी खांदे उडवले.

दोन महिन्यांनी त्यांच्या बायकोचा निरोप आला, घरी येऊन रक्त घ्या. गेलो. साहेब पलंगावर होते. उजव्या पायाला जाड बँडेज, दोन बोटं काढलेली. खाली ते इंग्लंडचे बूट नीट जोडीनं ठेवलेले होते.

काकूंनी मला दारातच थांबवलं. "डॉक्टर म्हणतात, आजपासून इन्सुलिन घेतलं तर पाय वाचेल. हे नाही म्हणतात. माझ्या भावाचा आकडा धरून बसलेत. चौदाला सुई घेणाऱ्या माणसासारखी सुई मी घेणार नाही म्हणे. तुमच्या लाइनीतलं आहे, तुम्ही सांगून बघा."

आत गेलो. मला पाहताच साहेबांनी सवयीनं बाही वर सारली आणि हात पुढे केला. हात किती वाळला होता. पहिल्यांदाच माझ्या मनात त्यांच्याविषयी चीड आली नाही, लाज वाटली, आणि ती माझी होती.

मी अठराचा हिशेब सांगितला. त्यांनी मध्ये तोडलं नाही. उशीखालून डायरी काढली, पेन्सिलीनं चौदा गुणिले अठरा मांडलं, उत्तर काढलं, पुन्हा एकदा करून पाहिलं. मग कुवेतचं केलं.

"म्हणजे त्यानं वेळेवर सुई घेतली," ते हळूच म्हणाले.

"हो."

"तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?"

खोटं बोलता आलं असतं. "पहिल्या दिवसापासून," मी म्हणालो.

ते रागावतील, हात उगारतील, असं मला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी डायरी मिटून उशीखाली सरकवली. मग काकूंना हाक मारून म्हणाले, "डॉक्टरांना कळव, इन्सुलिन घेतो." आणि बाही खाली ओढून त्यांनी मनगटाचं बटण लावून टाकलं.

रक्त घ्यायचं राहिलंच होतं. पण पुन्हा बाही वर करा असं म्हणायची माझी छाती झाली नाही. मी पेटी उचलली आणि निघालो. पुढच्या महिन्यात ते मुलीकडे नाशिकला गेल्याचं कळलं. पाय राहिला की गेला, हे मी आजवर कुणाला विचारलेलं नाही.