‘सोबत’ या शब्दाची व्याख्या

मानवजातीला तिच्या सर्वांत लहान शत्रूपासून वाचवण्याचं कार्य त्या दिवशी पुण्यात पार पडणार होतं. सुरुवात सकाळीच व्हायची होती. पण पोहे गार निघाले, ते परत पाठवावे लागले आणि दुसरे येईपर्यंत मानवजात थांबली.

जागा शासकीय विश्रामगृहाचं सभागृह. घातक रोगजंतूंच्या सुरक्षित हाताळणीसाठी एक विधेयक तयार झालं होतं आणि आमदारांची एक समिती त्याचा कलमवार आढावा घेत होती. महासाथीनंतर असा कायदा हवाच यावर सगळ्यांचं एकमत झालं होतं. एकमतच असल्याने कोणालाही घाई नव्हती. पुण्यात जंतूंवर काम करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत म्हणून समिती पुण्यात येत आहे, असं पत्रकात म्हटलं होतं. शनिवार-रविवार जोडून आल्याचा उल्लेख पत्रकात नव्हता.

मी तिथे भाषांतरकार म्हणून होतो. सरकारी इंग्रजीचं सरकारी मराठी करण्यात माझी नोकरी गेली. निवृत्त झालो तरी अधूनमधून बोलावणं येतं, कारण ‘काहीही अंतर्भूत असले तरी’ हे शब्द वाक्यात नेमके कुठे टाकायचे हे नव्या लोकांना उमगत नाही आणि मला ते झोपेतही टाकता येतात. बोलावणं आलं की मी जातो. कोथरूडच्या त्या फ्लॅटमध्ये बसून राहण्यापेक्षा परिशिष्ट ‘ब’ वाचणं बरं, अशा अवस्थेला माणूस येऊ शकतो.

विधेयकाचा मसुदा मूळचा इंग्रजीत होता. त्यात एक कलम असं होतं की सर्वांत घातक जंतू जिथे ठेवतात त्या खोलीत कोणीही एकट्याने काम करायचं नाही. दुसरं माणूस हजर पाहिजे. इंग्रजीत यासाठी ‘दोन माणसांचा नियम’ अशा अर्थाचा कोरडा शब्दप्रयोग होता. मी मराठीत लिहिलं, ‘सोबतीशिवाय कोणतीही व्यक्ती अशा खोलीत प्रवेश करणार नाही.’

‘सोबत’ हा शब्द मी शोधलेला नव्हता. तो माझ्या बायकोचा.

तिची सगळी नोकरी अशाच एका प्रयोगशाळेत झाली. संध्याकाळी ती ओल्या केसांनी घरी यायची, कारण त्या खोलीतून बाहेर पडताना अंघोळ सक्तीची असते. ही कचेरीत पोहते की काय, असं सोसायटीतल्या बायकांना कित्येक वर्षं वाटत होतं. त्या खोलीत जाणाऱ्या दुसऱ्या माणसाला तिथल्या बायका आपसांत ‘सोबत’ म्हणत. “आज सोबत रजेवर होती, म्हणून आत गेलेच नाही,” असं ती सांगायची. दुसरे नवरे बायकोला ‘डबा संपवलास का’ विचारतात तसं मी ‘आज सोबत कोण होतं’ असं विचारायचो. सोबतीने आत करायचं तरी काय, हेही मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली होती, “काही नाही. कामाला हात लावायचा नाही. बघत राहायचं. आणि आपलं झालं म्हणून निघून जायचं नाही.”

पुढे ती निवृत्त झाली, आणि मग काही वर्षांनी गेली. जंतूने नाही, हृदयाने. तिला ते फार किरकोळ कारण वाटलं असतं. त्या दिवसांत येणारा प्रत्येक जण मला एकच विचारायचा, “सोबतीला कोणी आहे ना?” आपल्याकडे हे विचारतातच. उत्तर ऐकायला मात्र कोणी थांबत नाही. तेराव्यापर्यंत हा प्रश्न सुरू होता. चौदाव्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी आले ते तिच्या स्कूटरविषयी विचारायला. “अहो, ती गाडी हलवताय का? नाही, घाई नाही, पण जागा अडून राहते.”

सभागृहात ते कलम आलं तेव्हा पहिली शंका अवर सचिवांनी काढली. समितीची सगळी कागदपत्रं यांच्या ताब्यात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“सोबतीशिवाय प्रवेश नाही, असं आपण लिहिलंय. पण सोबत काय जोडायचंय ते कळत नाही. परिशिष्टही दिसत नाही.”

सरकारी पत्राच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात ‘सोबत’ असं लिहून पुढे जोडलेल्या कागदांची नोंद करतात. काहीच जोडलेलं नसेल तर ‘निरंक’ लिहितात. या गृहस्थांनी उभं आयुष्य त्या डाव्या कोपऱ्यात काढलं होतं.

“माणूस,” मी म्हणालो.

“माणूस जोडायचा?”

“हो.”

“साक्षांकित?”

ते गंमत करत नव्हते.

समितीत पार पूर्वेकडच्या, विदर्भाच्या टोकाकडचे एक सदस्य होते. धिप्पाड, आणि सकाळच्या पोह्यांवर सर्वांत जास्त रागावलेले. ते म्हणाले, “काऊन जी, हे सोबत म्हंजे का लिवलं? कायदा हाये का लग्नाची पत्रिका?”

अध्यक्षांनी हसू आवरलं. त्यांची मराठी इस्त्री केलेली होती. “शब्द गोड आहे. पण प्रश्न शब्दाचा नाही. दुसरी व्यक्ती म्हणजे दुसरं पद. खात्याचं म्हणणं असं की पदं भरणं सध्या अवघड आहे. त्याऐवजी खोलीत कॅमेरा बसवावा. कॅमेरा चोवीस तास हजर असतो आणि रजा मागत नाही.”

मग साक्षीसाठी बाहेर बसलेल्या प्रयोगशाळेतल्या बाईंना आत बोलावलं. मी मान खाली घालून कागद चाळत होतो. आवाजावरून ओळखलं. माझ्या बायकोची ही शेवटची सोबत. बायकोला ताई म्हणायची, म्हणून मी तिचा भाऊजी. आमच्या घरी पुष्कळदा जेवलेली. बायकोला शेवटचं न्यायला गाडी आली त्या दिवशी भेटलो होतो, त्यानंतर आज.

ती शांतपणे बोलली. बायको निवृत्त झाल्यावर ती जागा भरलीच नव्हती. सुरुवातीला दुसऱ्या विभागातून कोणीतरी सोबतीला यायचं, मग तेही बंद झालं. तेव्हापासून ही एकटीच आत जाते. कॅमेरा आहे.

“मग अडचण काय?” अध्यक्षांनी विचारलं.

“मागे एकदा माझ्या हातमोज्याला भोक पडलं, साहेब. बारीक, टाचणीएवढं. कॅमेऱ्यात ते व्यवस्थित आलंय. चित्र फार स्वच्छ आहे, नंतर सगळ्यांनी पाहिलं.”

“आणि तुम्हाला कधी कळलं?”

“काम संपवून मोजे काढताना. वरचा फाटला होता, आतला शाबूत होता. म्हणून आज इथे बोलतेय.” तिने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. “कॅमेऱ्याने बघितलं होतं सगळं. पण तो काही बोलला नाही.”

 मग अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. “कायद्यात शब्द वापरायचा तर त्याची व्याख्या हवी. उद्या कोर्टात कोणी विचारलं की सोबत म्हणजे काय, तर तिथे काय सांगणार? भाषांतरकारांनी जेवणानंतर व्याख्या द्यावी. जमली तर ठेवू. नाही जमली, तर ‘कॅमेरा’ लिहू आणि पुढच्या कलमाकडे वळू.”

त्या बाईने माझ्याकडे एकदा पाहिलं. यापुढे ती आत कोणाबरोबर जाणार, हे आता मी जेवणाच्या सुट्टीत काय लिहितो यावर ठरणार होतं. नोकरीत माझ्यावर इतकी मोठी जबाबदारी कोणी कधी टाकली नव्हती. अर्थात, टाकणाऱ्यांचं लक्ष तेव्हा मटणाच्या वासाकडे होतं.

मी बाहेरच्या व्हरांड्यात बाकावर बसलो. पिशवीत जुना शब्दकोश होता, बुधवार पेठेतल्या जुन्या पुस्तकांच्या एका दुकानाच्या जिन्यावर सापडलेला. त्यात ‘सोबत’ पाहिलं. संगत, साथ, बरोबर असणे. ‘संगत’ पाहिलं. सोबत, साथ. ‘साथ’ पाहिलं तर पहिला अर्थ रोगाची. कोश मिटला.

ती येऊन शेजारी बसली. “जेवला नाहीत, भाऊजी?”

“व्याख्या करतोय.”

“ताई काय म्हणायच्या, आठवतं?”

“हात लावायचा नाही.”

“हो. मी नवी असताना एकदा त्यांच्या हातातून बाटली घ्यायला पुढे झाले. नंतर बाहेर आल्यावर काय ओरडल्या! ‘तू मदत केलीस की दोघी गेलो. तू नुसती उभी राहा.’ आणि गुणगुणायच्या, भाऊजी. आत, मास्कमध्ये. अगदी बेसूर.”

“गुणगुणायची?” मला हे ठाऊक नव्हतं. “घरी कधी गुणगुणली नाही.”

“घरी तुम्ही असायचात ना,” ती म्हणाली आणि हसली. मग हसणं जरा जास्त झालं असं वाटून तिने पदर सारखा केला.

मी विचारलं, “आता एकटी आत असतेस तेव्हा?”

“मोठ्याने बोलते. ‘आता झाकण उघडते.’ ‘आता बाजूला ठेवते.’ सोबतीला ऐकू जावं म्हणून सांगायची पद्धत होती ना, ती तोंडात बसलीय. ऐकायला कोणी नाही, पण न बोलता हातच चालत नाही.”

सकाळी चहाचं आधण ठेवताना मी अजून ‘ठेवतो गं’ म्हणतो. हे तिला सांगावंसं वाटलं. पण ती साक्षीदार होती आणि मी भाषांतरकार होतो, आणि व्हरांड्यातून अवर सचिव हात पुसत येत होते.

मी कागदावर लिहिलं:

‘“सोबत” म्हणजे, काम करणाऱ्या व्यक्तीच्या कामास स्वतः हात न लावता, तिच्याकडे लक्ष ठेवून, ते काम पूर्ण होऊन ती व्यक्ती बाहेर पडेपर्यंत तेथून न हलणारी व्यक्ती.’

लिहून झाल्यावर मी ते वाचून पाहिलं. बायकोच्या शेवटच्या आठवड्यात रुग्णालयात मी हेच करत होतो. त्या वेळी त्याला काही नाव आहे हे मला सुचलं नव्हतं. नर्सनी मला ‘पेशंटचे मिस्टर’ म्हणून बाजूला बसवलं होतं.

जेवणानंतर मी ती व्याख्या वाचून दाखवली. अध्यक्षांना अर्थातच हरकत होती.

“‘तेथून न हलणारी’ म्हणजे? निसर्गाची हाक आली तर?”

“दोघांनी बाहेर यायचं,” ती साक्षीच्या खुर्चीवरून म्हणाली. “आम्ही दोघी तेच करायचो.”

“आणि कामाला हातच लावणार नाही? मग त्या व्यक्तीला पगार कसला?”

यावर मी काही बोलणार तेवढ्यात विदर्भाच्या त्या सदस्यांनी टेबलावर हात टेकवला.

“अध्यक्ष महोदय, एक सांगू का? माय माही गावात एकटी राह्यते. इकडे ये म्हणलं तं येत नाही. मंग शेजारची काकू रोज तिच्याइथं सोबतीले जाते. काही करत नाही ते काकू. पडते अन् घोरते. माय मले फोनवर तक्रार करते, का बाई लयच घोरते म्हणून.” त्यांनी टेबलावरचा हात उचलला. “पन काकू गावाले गेली का मायले झोप लागत नाही. आता या घोरण्याचा पगार काय काढता तुम्ही?”

कोणी हसलं नाही. सकाळी लग्नाची पत्रिका म्हणणारे हेच, याची आठवण अवर सचिवांनी करून दिली नाही, ही त्यांची सभ्यता.

अध्यक्ष म्हणाले, “भावना पोचल्या. कलम ठेवू. फक्त सुरुवातीला ‘शक्यतो’ घालू या.”

“शक्यतो लिवलं का सोबत गेलीच समजा,” सदस्य म्हणाले. “मंग ते काकू घोरायले येत नाही.”

‘शक्यतो’ आला नाही. कॅमेऱ्याचं कलम वेगळं झालं. पुढच्या कलमावर, म्हणजे प्रयोगशाळेबाहेरच्या फलकाच्या आकारावर, दुपार संपेपर्यंत चर्चा झाली. निघताना ती गर्दीत होती आणि मला बस पकडायची होती. लांबूनच हात केला. स्वारगेटला गाडी बदलली, उभ्यानेच घरी आलो. कुलूप उघडताना सवयीने बेल वाजवली.

कायदा व्हायला अजून अवकाश होता, पण त्या विदर्भवाल्या सदस्यांनी खात्याला फोन करायचं सोडलं नाही. शेवटी फोन टाळण्यासाठी का होईना, खात्याने जागा भरली. पावसाळा संपता संपता तिचा फोन आला.

“भाऊजी, सोबत आली! अमरावतीची मुलगी आहे.”

“कशी आहे?”

“बडबडी आहे हो. पण आत गेली की चूप. नुसती बघत उभी राहते. ताईंसारखी.” मग म्हणाली, “तुमचं कसं चाललंय? सोबतीला कोणी आहे का?”

“आहे की,” मी म्हणालो. तिचं समाधान झालं.

पुढच्या महिन्यात समितीच्या कार्यालयाकडून एक मोठं पाकीट आलं. त्यात अवर सचिवांच्या सहीचं पत्र होतं. ‘घातक रोगजंतूंच्या सुरक्षित हाताळणीबाबतच्या विधेयकावरील समितीच्या अहवालाची प्रत, व्याख्या-कलमातील आपल्या योगदानाबद्दल आभारासह, आपल्या माहितीसाठी सोबत पाठविण्यात येत आहे.’

अहवालासाठी मी पाकीट उलटं करून झटकलं. आत दुसरं काही नव्हतं. मग पत्राचा डावा कोपरा पाहिला. तिथे नियमाप्रमाणे नोंद होती.

सोबत : निरंक.